कातडीला उशिरा कळतं

नमस्कार श्रोतेहो.

नखावर पांढरा ठिपका दिसला, की कुणीतरी हमखास सांगतं, "अंगात काहीतरी कमी पडतंय बरं." बहुतेक वेळा काहीच कमी पडलेलं नसतं. काही आठवड्यांपूर्वी ते बोट कशावर तरी आपटलेलं असतं आणि आपण ते विसरूनही गेलेलो असतो. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं; तो ठिपका सावकाश टोकापर्यंत सरकतो आणि कापला जातो.

मग जीवनसत्त्व खरंच कमी पडलं, तर कातडीवर कधी दिसतं? बॉस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण शल्यविशारदानं १९३९ साली हे स्वतःवरच करून पाहिलं. फळं बंद, भाज्या बंद. दीड महिन्यात रक्तद्रवातलं क जीवनसत्त्व शून्यावर आलं. कातडी मात्र जशीच्या तशी! तीन महिन्यांनी त्यानं पाठीवर मुद्दाम छेद घेऊन घेतला, तोही नीट भरला. चार महिने उलटल्यावर कुठे केसांच्या मुळाशी खरखरीत पुटकुळ्या आल्या, आणि पाच महिन्यांनंतर पायांवर रक्ताचे टाचणीएवढे ठिपके. सहा महिन्यांनी पुन्हा छेद घेतला. या वेळी वरची कातडी जुळली, पण खाली जखम भरलीच नव्हती. मग शिरेतून क जीवनसत्त्व दिलं आणि दहा दिवसांत आतली जखमही भरून येऊ लागली.

असं का झालं? कातडीला बळकटी देणारं कोलॅजेन म्हणजे प्रथिनांचा तीन पदरी दोर. त्याचा पीळ पक्का बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर दोर वळला जातो, पण टिकत नाही. म्हणूनच स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा आजार, झालेल्या खलाशांच्या कित्येक वर्षांपूर्वीच्या जखमाही पुन्हा उघडायच्या.

कधी दिसतं, याइतकंच कुठे दिसतं हेही बघायचं असतं. ब-३ म्हणजे नायसिन कमी पडलं तर पेलाग्रा होतो. त्याचे चट्टे ऊन लागतं तिथेच उठतात: पालथे हात, मान, चेहरा. दोन्ही हातांवर अगदी सारखे, आणि मनगटाच्या वर हातमोजा संपावा तशी स्पष्ट कड. गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो, त्याला 'कासालची माळ' म्हणतात. स्पेनच्या गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ मध्ये हा आजार प्रथम टिपला. सुरुवातीला पेशंटला वाटतं, ऊन लागलंय. पुढे जुलाब सुरू होतात, मग भ्रम, आणि उपचार नाही झाले तर मृत्यू.

यातली मक्याची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. मक्यात नायसिन असतं, पण असं अडकलेलं की आतड्याला ते सुटत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले, त्यानं ते मोकळं होतं. मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत काही त्याच्यासोबत गेली नाही. जिथे गरिबाच्या ताटात मक्याशिवाय दुसरं काही नव्हतं, तिथे पेलाग्रा पसरला. लोक त्याला संसर्ग समजत होते. खरं कारण नायसिन, हे कळायला १९३७ साल उजाडावं लागलं.

आता माझ्या टेबलासमोरचं एक उदाहरण. एक बाई आल्या, बोटांचे सांधे काळे पडलेले. घासून घासून वरची कातडी सोलवटली होती, काळेपणा तसाच. मी जीभ दाखवायला सांगितली: लाल, गुळगुळीत, काचेसारखी. रक्त तपासलं तर ब-१२ फारच कमी. इंजेक्शनं सुरू केली आणि काही महिन्यांत सांधे उजळले. सांधे काळे पडायला इतरही कारणं असतात, म्हणून नुसत्या बोटांवरून मी निदान करत नाही. ओठांचे कोपरे चिरतात त्याचंही तसंच. ब-२ कमी असेल, लोह कमी असेल, किंवा नुसती कवळी सैल झालेली असेल!

गोळ्यांबद्दल थोडं. ज्याला कमी नाही, त्याची कातडी जास्तीच्या जीवनसत्त्वानं उजळत नाही. अ जीवनसत्त्व तर कमी पडलं तरी कातडी कोरडी होते आणि अति झालं तरी कोरडी होऊन सोलते. गरोदरपणात ते जास्त घेतलं तर बाळात व्यंग येऊ शकतं.

आणि केसांसाठी म्हणून बायोटिनच्या, म्हणजे ब गटातल्याच एका जीवनसत्त्वाच्या, मोठ्या डोसाच्या गोळ्या घेत असाल, तर थायरॉईडसाठी रक्त देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. बायोटिनमुळे त्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, आणि नसलेल्या आजाराचे उपचार सुरू होतात.

नमस्कार.