पाइपलाइनला पैसे आहेत, मग रस्त्याला का नाहीत?

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे. मी तुमची नगरसेविका बोलतेय, आपल्या गावच्या रेडिओवरून. आज नगरपालिकेत काय चाललंय ते सांगणार आहे, थोडं लांबेल पण ऐका, कारण हे पैसे तुमचे आहेत.

21 डिसेंबर 2025 ला नगरपालिका निवडणुकीचा निकाल लागला आणि तेव्हापासून बाजारात म्हणा, देवळात म्हणा, गिरणीत दळण टाकायला गेले तरी एकच प्रश्न येतो, ताई आमच्या गल्लीचा रस्ता कधी. आणि त्याला जोडूनच दुसरा, पाइपलाइनला पैसे आहेत मग रस्त्याला का नाहीत, मधेच कुठे जातात. तोंडावर विचारताय ते मला मनापासून आवडतं, कारण तीन-चार वर्षं इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, लोकांनी विचारायचं तरी कोणाला? तर त्याचंच उत्तर देते.

केंद्राकडून वित्त आयोगाचा जो निधी येतो ना, तो आल्या आल्या पाहिजे तिथे खर्च करता येत नाही. 15 व्या वित्त आयोगात आपल्यासारख्या छोट्या शहरांसाठी ठरलेलं होतं की 100 रुपयांतले 60 बंधित, म्हणजे 30 फक्त पाण्यासाठी आणि 30 फक्त स्वच्छतेसाठी, कचऱ्यासाठी. राहिले 40, ते अबंधित, त्यातून बाकीची कामं करायची, आणि पगार त्यातून द्यायचे नाहीत. म्हणजे पाण्याचे 30 रुपये आम्ही सगळ्यांनी मिळून हात वर केले तरी डांबरात टाकता येत नाहीत. या आयोगाची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतची आणि 1 एप्रिल 2026 पासून 16 वा वित्त आयोग, त्याचे नवे नियम हातात आले की त्यावरही इथेच बोलू.

मग रस्त्याला पैसे येतात कुठून? जास्त करून राज्य सरकारच्या नगरोत्थान योजनेतून, जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीने, आणि त्यातही काही हिस्सा नगरपालिकेने स्वतःच्या खिशातून घालायचा असतो. तो खिसा म्हणजे तुमची घरपट्टी. ती थकली की आमचा हिस्सा थकतो, हिस्सा थकला की काम रखडतं. आणि थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, वर्षाचे 24 टक्के झाले, बँकेच्या कर्जापेक्षा महाग पडतं ते. ज्यांना एकदम भरणं जमत नाही त्यांनी वसुली खात्यात येऊन भेटा, लपून राहू नका, रक्कम वाढतच जाते.

आता बसस्टँडमागच्या गल्लीबद्दल. तिथला रस्ता आधी करा असा बराच दबाव होता आणि मी सभेत विरोध केला, हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळलेलं बरं. त्या गल्लीतली पाण्याची लाइन जुनी आहे, दोन ठिकाणी गटारातून गेलीये. वर काँक्रीट ओतलं असतं तर वर्षभरात लाइन फुटली म्हणून तेच काँक्रीट फोडावं लागलं असतं. आधी लाइन, मग गटार, मग रस्ता, हा क्रम मी सोडणार नाही, भले त्यासाठी तुम्हाला आणखी एक पावसाळा चिखल तुडवावा लागला तरी. मला माहितीये शाळेच्या पोरांचे हाल होतात तिथे, म्हणून तात्पुरता मुरूम टाकून घ्यायचं मुख्याधिकारी साहेबांकडून कबूल करून घेतलंय, पाऊस सुरू व्हायच्या आधी.

गटाराचा विषय निघालाच आहे तर पाणी गढूळ का येतं तेही सांगते. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या वेळात पाइप रिकामा असतो, आणि रिकाम्या पाइपला जिथे बारीक चीर असेल तिथून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. त्यात ज्यांनी नळाला थेट मोटर लावलीये ते पाणी खेचतात तेव्हा त्याच चिरेतून गटार पण खेचलं जातं, आणि ते तुमच्या एकट्याच्या नाही तर शेजारच्या बाळंतिणीच्या घरात पण जातं. हात जोडून सांगते, मोटर काढा. जमिनीत टाकी करा, त्यात पाणी पडू द्या आणि तिथून वर चढवा, त्याला कोणाची हरकत नाही. सुरुवातीचं पाणी बाजूला बादलीत धरा, लादी पुसायला, झाडांना वापरा.

आणि एक. टाकीजवळ क्लोरीन बरोबर असून भागत नाही, शेवटच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम उरलं पाहिजे. त्याची ओटी टेस्ट अगदी सोपी असते, ऑर्थोटोलिडीन नावाच्या द्रावणाचे दोन थेंब पाण्यात टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. मी व्हॉल्व्हमन दादांना म्हटलंय, प्रत्येक आळीच्या शेवटच्या घरात जाऊन करा आणि त्या घरातल्या बाईची वहीत सही घ्या, म्हणजे टेस्ट खरंच झाली का ते कळेल.

कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून 24 तास पाणी देऊन दाखवलंय, त्याला पंधराएक वर्षं होऊन गेली. लाइनीत सतत दाब असला की बाहेरची घाण आत शिरायला वाव कमी राहतो, आणि मीटर असलं की जो जास्त वापरेल तो जास्त भरेल. आपल्याकडे मीटर म्हटलं की लोक चिडतात, मला कळतं ते, पण यावर एकदा शांतपणे बसून बोलायला हवं असं माझं ठाम मत आहे.

कचऱ्याचं थोडक्यात. घंटागाडी आता सकाळी सातच्या आत बाजारपेठेत येतेय, पण ओला-सुका अजून एकत्रच टाकला जातो, आणि एकदा मिसळला की त्याचं खत होत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळ्या कागदात गुंडाळून द्या, आपल्या सफाई कामगार ताई ते हाताने निवडतात हो, फार वाईट वाटतं बघून. वेंगुर्ला आपल्यापेक्षा लहान गाव, पण तिथल्या कचरा डेपोचं असं रूप पालटलंय की लोक तो बघायला जातात. आपलेही काही जण घेऊन जायचा विचार आहे, बचत गटाच्या बायका आधी.

भाजीवाल्यांच्या जागेचं अजून ठरलेलं नाही, ठरलं की सांगेन, तोवर कोणाला उठवणार नाही असा शब्द मिळालाय.

आता महत्त्वाचं. याच महिन्यात बजेटची विशेष सभा आहे. एकदा बजेट मंजूर झालं की नंतर वर्षभर अर्ज दिलेत तरी उत्तर ठरलेलं, तरतूद नाही. म्हणून मागायचं ते आत्ता मागा. शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे आपापल्या भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद कायद्यात 2009 साली आली, पण बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच राहिली, तर आपण आपल्या प्रभागापुरतं तरी बसूया. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, मराठी शाळेच्या हॉलमध्ये. प्रभागातले आम्ही दोघंही नगरसेवक असू, तो दुसऱ्या पक्षाचा आहे तरी येणार आहे, मी स्वतः बोललेय त्याच्याशी. घरपट्टीची शेवटची पावती आणा, आणि कागदावर काम लिहून आणा, पण नुसतं रस्ता करा असं नको, कुठून कुठपर्यंत ते लिहा, कोणाच्या घरापासून कोणत्या खांबापर्यंत, म्हणजे इंजिनियर साहेबांना तिथल्या तिथे अंदाज काढता येईल. वरच्या आळीतल्या ज्या आज्यांना चढ-उतार जमत नाही त्यांनी निरोप पाठवा, मी शनिवारी संध्याकाळी तिकडेच येते.