मीठ दिलं, रेल्वे आली

नमस्कार, श्रोतेहो.

पणजीहून रायबंदरला जाताना उजव्या हाताला खारफुटी माजलेली दिसते ना, तिथे मिठागरं होती. ती ओस पडायला कारणं बरीच. त्यातलं एक मात्र थेट लिस्बनला जाऊन पोहोचतं.

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगालने तिथे एक तह केला. १५ जानेवारी १८८० पासून तो बारा वर्षांसाठी लागू झाला. एरवी बेळगावचा माल घाट उतरला की सरहद्दीवर जकात भरा, इकडचा माल वर चढला की पुन्हा भरा. तहाने ही जकात उठवली. सरहद्द ओलांडून पळालेला गुन्हेगार एकमेकांच्या हवाली करायचंही ठरलं. शिवाय मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर रेल्वे. व्यापाऱ्याला याहून काय हवं?

पण हे फुकट नव्हतं. गोव्याच्या मिठाचा मक्ता ब्रिटिशांकडे गेला. त्याबदली गोवा सरकारला वर्षाला ४ लाख रुपये.

आता मीठ कसं पिकतं ते बघा. भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हात आटवायचं. खडे धरले की ओढून बांधावर रास घालायची. घरातली सगळी माणसं उन्हात राबायची, आणि त्या राशीचा हिशेब ठेवायला इंग्रजांची माणसं! किती पिकवायचं तेही तेच ठरवणार. चार लाख तिजोरीत गेले. आगरातल्या माणसाच्या हाती काय लागलं, हे मला तरी कुठल्या कलमात दिसत नाही. तहातल्या अबकारीचं, म्हणजे दारूवरच्या कराचंही तेच. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरावर कराचा बोजा चढला. त्या काळात मुंबईची वाट धरणारे गोंयकार वाढले, ते काही हवापालटाला गेले नव्हते.

रेल्वे मात्र झाली. १८८८ पर्यंत मुरगावची गाडी दूधसागराजवळून घाटमाथ्यावर, ब्रिटिश हद्दीतल्या कॅसलरॉकला भिडली. आणि चारच वर्षांत, जानेवारी १८९२ मध्ये, तहाची मुदत संपली. तो पुढे वाढवला गेला नाही. जकात परत आली. मग घाटातल्या स्टेशनावर गाडी थांबायची, उतारू पेट्या उघडून उभे राहायचे, आणि शिपाई एकेक कपडा उलटून बघायचा.