31 मे आणि भाऊसाहेबांचा पेनड्राइव्ह

नमस्कार मंडळी. रिटायरमेंटला सहा महिने, वर्ष उरलंय अशांसाठी आजचं बोलणं, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण, कारण शेवटी कॉम्प्युटरपुढे बसवतात मुलाला नाहीतर सुनेलाच.

ऑफिसचे साठलेले मेल घरच्या कॉम्प्युटरवर न्यायचे. तर पहिलं म्हणजे विचारून न्यायचे. मेल आपण टाइप केला म्हणून तो आपला होत नाही, टेंडरचे, रेटचे, दुसऱ्यांच्या पगाराचे मेल नेणं म्हणजे कपाटातली फाईल पिशवीत घालून नेणंच की. आपलं काय, तर फॉर्म 16, रजेचा हिशोब, प्रमोशनची ऑर्डर, पीएफचा पत्रव्यवहार. परत सांगते, आधी विचारा, मग कॉपी.

आता भाऊसाहेबांचं ऐका. आमच्या पिढीत गावाकडं जन्मतारीख कुणाला ठाऊक असायची, शाळेत नाव घालताना मास्तर सरळ 1 जून लिहून मोकळे. आणि सरकारी नियम असा की 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर. म्हणून 31 मे ला जिथं तिथं निरोप समारंभ. आमच्या ऑफिसात त्या दिवशी चौघं होतो, आणि भर उन्हाळ्यात चौघांना शाली! मी म्हणते पंचा द्या ना, निदान घाम तरी पुसता येईल.

तर स्टोअरचे भाऊसाहेब. त्यांनी मेलचं काम शेवटच्या दिवसावर ठेवलेलं. 32 जीबीचा पेनड्राइव्ह, त्यातली भजनंसुद्धा पुसून आणलेला. मेलची फाईल 7 जीबीची. कॉपी करायला गेले तर मेसेज, फाईल वापरात आहे. आउटलूक, म्हणजे मेल बघायचा प्रोग्राम, उघडंच होतं. ते बंद केलं, तर दुसरा मेसेज, फाईल मोठी आहे. भाऊसाहेब भडकले, 32 मध्ये 7 मावत नाही म्हणजे दुकानदारानं फसवलं! स्टोअरचा माणूस तो, माप कमी भरलेलं खपायचं नाही. तडक स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन भांडले, दुसरा पेनड्राइव्ह घेऊन आले, आणि परत तोच मेसेज.

इकडं हॉलमध्ये साहेबांचं भाषण सुरू, "भाऊसाहेब म्हणजे वक्तशीरपणा", आणि खुर्ची रिकामी. मीच उठून गेले बघायला. तोवर कॉम्प्युटरवाला पोरगा आलेला, त्यानं पेनड्राइव्ह फॅट 32 चा एक्सफॅट केला, म्हणजे त्यात फायली ठेवायची पद्धत बदलली, दोन मिनिटांचं काम. फॅट 32 वर कितीही जागा असू दे, 4 जीबीहून मोठी एक फाईल बसत नाही. दुकानदार बिचारा निर्दोष.

कुठली फाईल न्यायची? नावाच्या शेवटी पीएसटी असलेली. ओएसटी नाही, पीएसटी. ओएसटी ऑफिसच्या खात्याला बांधलेली असते, घरी उघडत नाही, तिथं आउटलूकमधून एक्सपोर्ट करून पीएसटी बनवून घ्यायची. आउटलूक बंद करून मगच कॉपी, हे पण परत सांगते. आणि घरी आउटलूक नसेल तर निवडक मेल ऑफिसातच पीडीएफ करून घ्या, प्रिंट दाबलं की तो पर्याय येतो, ते कुठंही उघडतात. जाताजाता बँकेत आणि पीएफला ऑफिसचा मेल आयडी दिला असेल तर बदला, तो बंद होणार. लोक लग्नाच्या पत्रिकाही ऑफिसच्या मेलवरून ढकलतात, वर सगळ्यांना रिप्लाय, त्यामुळंच फायली 7 जीबीच्या होतात, असो.

महिन्यानं भाऊसाहेबांकडं गेले. म्हटलं, उघडली का फाईल? तर म्हणाले, मुलानं उघडून दिली, मला एकच मेल हवा होता. जुन्या साहेबांचा, स्टोअरची तपासणी झाल्यावरचा, त्यात एकच ओळ, साठा जुळला, एक बोल्टही कमी नाही. त्याची प्रिंट काढून, लॅमिनेट करून, टीव्हीच्या वर लावलेली. आणि खालच्या कोपऱ्यात स्टोअरच्या सवयीनं लाल पेननं आवक नंबर घातलेला, 1.