सोलोच्या मागे उभा असलेला माणूस

(दृश्य: मेलबर्न. फ्लिंडर्स लेनला लागून एक अरुंद गल्ली, भिंतीभर रंगकाम. कॅमेरा वर जाऊन पाटीवर थांबतो.)

ही मेलबर्नची एसीडीसी लेन, ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसी या रॉक बँडच्या नावाची. २००४ पर्यंत हिचं नाव कॉर्पोरेशन लेन होतं. बँडच्या नावात मधोमध विजेची तिरकी रेघ आहे, पण सरकारी पाटीच्या नियमात ती बसेना. म्हणून पाटीवर नुसतंच एसीडीसी.

(दृश्य: फोटो काढून घेणारे पर्यटक.)

इथे येणारा जवळपास प्रत्येक जण हीच पोझ देतो. एक पाय वर, मान खाली, हातात नसलेली गिटार. म्हणजे बँडचा गिटारिस्ट अँगस यंग. शाळेची अर्धी चड्डी आणि टाय घालून स्टेजभर धावणारा, सोलो, म्हणजे गाण्यातले एकट्याने पुढे येऊन वाजवायचे तुकडे, वाजवणारा धाकटा भाऊ. थोरल्याची, माल्कमची पोझ कुणी देत नाही. देणार तरी कशी? तो ड्रमच्या बाजूला उभा राहून डावा पाय आपटायचा आणि रिदम गिटार, म्हणजे गाण्याचा ठेका धरणारी गिटार, वाजवायचा. आमची गोष्ट त्याची आहे.

(दृश्य: रेकॉर्डचं दुकान. खोक्यांतली कव्हरं चाळणारे हात.)

रॉकमधला थोर गिटारिस्ट कोण, हा वाद कुठेही काढा, थोड्याच वेळात गाडी बोटांच्या वेगावर येते. कोण किती सुरात वाजवतो यापेक्षा एका सेकंदात किती सूर वाजवतो, यावर तावातावाने बोललं जातं. १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलनने गिटारच्या गळ्यावर दोन्ही हातांची बोटं आपटून सूर काढायचं टॅपिंग करून दाखवलं, तेव्हापासून तर विचारायलाच नको. वेग मोजता येतो, म्हणून त्यावर भांडणं सोपं जातं. २००३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने १०० थोर गिटारिस्टांची यादी छापली. पहिला जिमी हेंड्रिक्स, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसावं. ९६व्या क्रमांकावर अँगस यंग. माल्कम शंभरात कुठेच नाही.

जाता जाता एक. हेंड्रिक्स हेंड्रिक्स होण्याआधी आयस्ली ब्रदर्स आणि लिटल रिचर्ड यांच्या मागे साथीला वाजवत होता. त्याच्या सोलोंमध्ये जो ठेका लपलेला आहे, तो तिथला.

(दृश्य: यंग कुटुंबाचे जुने कृष्णधवल फोटो. सिडनीचं बर्वुड उपनगर.)

ग्लासगोच्या कामगार वस्तीतलं यंग कुटुंब १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाला आलं. भावंडं आठ. माल्कम सातवा, अँगस शेंडेफळ. मधला भाऊ जॉर्ज 'ईझीबीट्स' या बँडमध्ये रिदम गिटार वाजवायचा आणि हॅरी व्हँडाबरोबर गाणी लिहायचा. १९६६ मध्ये त्यांचं गाणं इंग्लंडमध्येही गाजलं, तेव्हा माल्कम तेरा वर्षांचा होता. गाणं आतून कसं बांधलेलं असतं, हे त्याला घरातच दिसत होतं. पुढे तो अंतर्वस्त्रांच्या एका कारखान्यात शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं काम करत होता. बँडचं नावही घरातल्या शिलाई मशीनवर लिहिलेल्या अक्षरांवरूनच आलं, असं घरचे सांगतात. ३१ डिसेंबर १९७३ ला सिडनीच्या 'चेकर्स' क्लबात या नावाने पहिला कार्यक्रम झाला.

सुरुवातीला माल्कम सोलोही वाजवायचा, आणि चांगला वाजवायचा. नंतर त्याने ते काम अँगसकडे सोपवून टाकलं.

(दृश्य: गिटार दुरुस्तीचं वर्कशॉप. टेबलावर माल्कमच्या गिटारीच्या नमुन्यावर तयार केलेली एक गिटार. कॅमेरा अगदी जवळ. इथे घाई नको.)

आता ही गिटार नीट बघा. मूळ वाद्य १९६३ चं ग्रेच जेट फायरबर्ड, लालभडक. ईझीबीट्सकडून ते माल्कमच्या हाती आलं. त्याने वरचा रंग खरवडून काढला आणि आतलं मेपलचं लाकूड उघडं केलं. इथे, गळ्याजवळ, एक चौकोनी खळगा दिसतो. त्याच्याखाली मधोमध दुसरा. या जागा पिकअपच्या. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की यात वीज तयार होते आणि ती अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे, जाते. लोक पैसे साठवून जादा पिकअप बसवून घेतात. माल्कमने होते ते काढून टाकले आणि भोकं तशीच ठेवली. उरला तो एकच, ब्रिजजवळचा, म्हणजे खालच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथला.

ब्रिजजवळ तार कमी हलते, त्यामुळे तिथून उचललेल्या आवाजात गोलाई नसते. तो कडक येतो, कडा असलेला येतो. वाजवणाऱ्याने अर्धा क्षण उशीर केला तरी तो लपत नाही.

(दृश्य: कारागीर तार चढवतो. बोटांवर जाड तारेचा वळ.)

तारा बघा. रॉक वाजवणारे बहुतेक जण ९ किंवा १० गेजचा सेट लावतात. म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजार भागांपैकी ९ किंवा १० भाग जाड. अशी तार बोटाने सहज ताणता येते आणि सोलोत सूर खेचायला बरी पडते. माल्कमचा सेट १२ पासून ५६ पर्यंत. त्यात तिसरी तारही गुंडाळलेली, जी इतरांकडे साधी असते. ही तार ताणायला जाल तर बोट सोलून निघेल. पण कितीही जोरात झोडपली तरी ती सुरातून हलत नाही, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

(दृश्य: मार्शल अँप. गेनच्या बटणावर हात. आधी पूर्ण उजवीकडे, मग डावीकडे.)

आता ऐका. 'ए' कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले काही सूर, आणि आवाज खरखरीत करणारा गेन पूर्ण वाढवून. आवाज जाड झाला, पण कॉर्डमधले सूर एकमेकांत कालवले गेले. म्हणून हेवी वाजवणारे बहुधा दोनच सुरांवर भागवतात, षड्ज आणि पंचम.

आता गेन खाली. कॉर्ड तोच, हात तोच. प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. माल्कमचा आवाज हा असा होता, बऱ्यापैकी स्वच्छ. लोकांना तो राक्षसी वाटतो, कारण दोन भाऊ एकच गोष्ट वेगवेगळ्या जागी धरून वाजवतायत आणि खाली बेस आणि ड्रम त्याच बिंदूवर पडतायत. हेडफोन लावून ऐका, दोन्ही कानांत दोन वेगळ्या गिटारी सापडतील.

(दृश्य: उजव्या हाताचा क्लोजअप, संथ गतीत. स्ट्रोक, मग तळवा तारांवर.)

हा तळवा बघा. बँडच्या 'बॅक इन ब्लॅक' या गाण्याची रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी चाल, नुसती ई, डी, ए. पहिल्या महिन्यात शिकवले जाणारे कॉर्ड. वाजवायला कुणीही वाजवेल. अवघड आहे ते मधल्या जागा मोकळ्या ठेवणं. स्ट्रोक मारला की तळवा तारांवर टेकवायचा आणि पुढची मात्रा येईपर्यंत गप्प बसायचं. नवशिक्या तिथे हमखास काहीतरी भरतो. आपल्याकडे बैठकीत विलंबित ख्यालाला तबलजी जसा ठेका धरून बसतो, हात शिवशिवत असतानाही तुकडा घेत नाही, तसं हे काम आहे. आणि टाळ्या तिथेही त्याला उशिराच पडतात.

(दृश्य: स्टेजवरचे जुने स्थिरफोटो, एकामागून एक. प्रत्येकात माल्कम मागे.)

कोरसची ओळ आली की तो माइकपर्यंत पुढे यायचा, ओळ म्हणायचा आणि मागे जायचा. कुठलं गाणं कुठल्या लयीत जायचं, हे तिथून ठरत होतं.

(दृश्य: स्टुडिओ. पडद्यावर दोन ट्रॅक.)

आमच्यासाठी दोन वादकांनी एक साधी चाल रेकॉर्ड करून दिली. एका ट्रॅकवर रिदम, दुसऱ्यावर सोलो. आधी सोलो बंद करू. गाणं चालू आहे, मान डोलतेय. आता सोलो चालू, रिदम बंद. सूर तेच, बोटं तितकीच चपळ, पण हे कशाच्या जोरावर चाललंय ते कळत नाही.

अँगस नसता तर एवढी गर्दी जमली असती का? नसती. गर्दी जमवणं हेही कामच आहे. फक्त ते यादीत एकट्याच्या नावावर लागतं.

आमच्या बाजूला न बसणारी एक गोष्टही आहे. १९८८ च्या अमेरिका दौऱ्यात माल्कम दारू सोडण्यासाठी घरी थांबला. त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही उभा राहिला, आणि कित्येकांना फरक कळला नाही असं म्हणतात. मग माल्कम बदलता येण्यासारखा होता का? स्टीव्ही वाजवत होता त्या रिफ माल्कमने रचलेल्या होत्या, जागा माल्कमने सोडलेल्या होत्या. आमच्या मते यात उत्तर आलं. मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा जेम्स हेटफिल्ड, ज्याचा उजवा हात आज जगभरची पोरं गिरवतात, तोही माल्कमचं नाव घेतो.

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं. निवेदन कमी, कात्रणं स्वतः वाचू द्यावीत.)

२०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कमने बँड सोडला. १८ नोव्हेंबर २०१७ ला, ६४व्या वर्षी, तो सिडनीत गेला. जॉर्ज त्याच्या काही आठवडे आधी.

(दृश्य: २०२० च्या अल्बमचं कव्हर, मग मागची बाजू, नावांवर झूम.)

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये बँडचा नवा अल्बम आला, 'पॉवर अप'. दोघा भावांनी पूर्वी जमवून ठेवलेल्या रिफमधून तो उभा राहिला. १२ गाणी. बाराही गाण्यांखाली गीत-संगीत अँगस यंग आणि माल्कम यंग. रिदम गिटारवर स्टीव्ही.