घरपट्टीतला शिक्षण कर आणि तांड्यावरची शाळा

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि एवढ्या पावसात आवर्जून आलेल्या बंधुभगिनींनो,

'राज्याचे करधोरण आणि शिक्षणधोरण' हा विषय मला देण्यात आला आहे. या दोन्ही धोरणांवर स्वतंत्रपणे अधिकाराने बोलणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. मला मात्र ती जिथे एकमेकांना भेटतात त्या जागेविषयीच बोलायचे आहे. शिक्षणाच्या नावाने राज्य सरकार आपल्याकडून पैसा घेते. पण तो आपल्या तालुक्यातून किती घेतला आणि आपल्याच तालुक्यातल्या शाळांवर किती खर्च झाला, याचा हिशेब तालुक्यासमोर मांडला जात नाही. तो मांडला गेला पाहिजे, आणि आपण मागितल्याशिवाय तो मांडला जाणार नाही. शाळेत शिकवत होतो तेव्हापासून मी हेच सांगत आलो आहे आणि आज या सभागृहात ते सविस्तर सांगण्याची संधी मिळाली, याबद्दल संयोजकांचा आभारी आहे.

हे अंबाजोगाईत बोलायला मिळावे, याला माझ्या लेखी महत्त्व आहे. हैदराबाद संस्थानात सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, तेव्हा आपल्या मुलांना मायबोलीतून शिकता यावे म्हणून इथल्या लोकांनी पदरचे पैसे घालून शाळा काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 सालची. तिथे मुख्याध्यापक असलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे याच गावात, योगेश्वरी शाळेत आले, आणि मुक्तिसंग्रामाची एक पिढी या शाळांतून घडली. त्या काळी शाळेसाठी लोक वर्गणी काढत आणि तिचा हिशेब गावासमोर वाचून दाखवत. आता तीच वर्गणी सरकार कराच्या रूपाने घेते, म्हणून हिशेब वाचून दाखवण्याची जबाबदारीही सरकारकडे गेली आहे, असे मी मानतो.

कराचा आणि शिक्षणाचा संबंध सामान्य माणसाच्या आयुष्यात कसा येतो, हे समजण्यासाठी मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. तो थोडा लांबेल, पण तो पूर्ण सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने शंभर आणि दोनशे रुपयांच्या मुद्रांकाचे व्यवहार थांबवून किमान पाचशे रुपयांचा मुद्रांक लागू केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्या भागातल्या एका तहसील कचेरीच्या आवारात मला माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो ऊसतोडीला जातो. त्याची मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, तिचा अर्ज भरायचा होता, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र हवे होते. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झाली होती, टोळी कारखान्याला निघायच्या बेतात होती आणि हा बापलेकीचा जोड सकाळपासून झाडाखाली बसला होता. मला पाहताच तो उठला आणि म्हणाला, "गुरुजी, शंभराचा बॉण्ड बंद झालाय म्हणायलेत, पाचशेचाच आणा म्हणायलेत. कामून लागतोय ते कुणीच सांगंना."

आता यातली गोष्ट अशी आहे की शासकीय कार्यालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारनेच 1 जुलै 2004 च्या अधिसूचनेने माफ केलेले आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, यांपैकी कशालाही मुद्रांक लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर लिहिलेले प्रतिज्ञापत्र पुरते. या अधिसूचनेची झेरॉक्स मी अनेक वर्षे पिशवीत बाळगतो. ती घेऊन आम्ही खिडकीपाशी गेलो. तिथला कर्मचारी उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याने कागद वाचला, परत दिला आणि म्हणाला की मागची सगळी प्रकरणे बॉण्डवरच आली आहेत, साधा कागद वरचे साहेब परत पाठवतील. आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब बैठकीला गेले होते. जेवणाच्या सुट्टीनंतर ते आले, त्यांनी अधिसूचना दोनदा वाचली आणि कोऱ्या कागदावरचे प्रतिज्ञापत्र स्वीकारले. त्या मुलीने ते स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. मात्र आम्ही थांबलो होतो तेवढ्या वेळात त्याच रांगेतल्या कितीतरी पालकांनी समोरच्या मुद्रांक विक्रेत्याकडून पाचशे रुपयांचे बॉण्ड विकत घेतले. त्यांतल्या एका बाईने पदराची गाठ सोडून दहा-दहाच्या आणि वीस-वीसच्या नोटा मोजून दिल्या. ते मी समोर उभा राहून पाहिले आणि त्याचा संताप आजही माझ्या मनात आहे.

2025 साली सरकारने ही माफी पुन्हा जाहीर केली आणि विद्यार्थ्यांकडून मुद्रांक मागू नये असे बजावले, हे योग्यच झाले. परंतु जी माफी वीस वर्षांपूर्वीच दिली होती ती पुन्हा जाहीर करावी लागते, याचा अर्थ मधल्या काळात राज्यभरातल्या विद्यार्थ्यांनी न लागणारे शुल्क भरले असा होतो, आणि ते पैसे परत करण्याविषयी कोणीही अवाक्षर काढलेले नाही. त्यात 2024 च्या जुलैमध्ये याच सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. हा निर्णय चांगला आहे, मी त्याचे स्वागत करतो. मात्र त्या माफीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरच गरिबाच्या खिशातून पैसा निघत असेल, तर करधोरण ठरवणारे आणि शिक्षणधोरण ठरवणारे एकमेकांशी बोलत नाहीत असेच म्हणावे लागेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत. मुख्य मुद्दा आता वेगाने मांडतो.

1962 च्या कायद्याने महाराष्ट्रात शिक्षण उपकर आला आणि पुढे त्याच कायद्याला रोजगार हमीचा उपकर जोडला गेला. आपल्या घरपट्टीच्या बिलात 'शिक्षण कर' या नावाने जी ओळ असते ती हीच. उसासारख्या बागायती पिकांवर तलाठ्यामार्फत वसूल होणारा शिक्षण करही याच कायद्यातला. गोळा झालेला पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथे गेल्यावर तो कोणत्या गावचा हे कोणी पाहत नाही. एखाद्या कारणासाठी कर लावायचा आणि कारण मागे पडले तरी तो चालू ठेवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. 2015 साली मराठवाड्यातल्या दुष्काळाचे कारण सांगून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला, तो पुढे चांगल्या पावसाच्या वर्षांतही घेतला गेला. या सभागृहातल्या शिक्षकांच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापला जाणारा व्यवसाय कर 1975 साली रोजगार हमीच्या कामांसाठी सुरू झाला होता. हे कर देऊ नका असे मी म्हणत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली त्यांच्या घरातला मी आहे, रोजगार हमीचे मोल मला कोणी सांगायला नको. माझी मागणी हिशेबाची आहे.

कर घेताना सरकार वाडी लहान आहे की मोठी हे पाहत नाही, पण शिक्षक देताना पट मोजते. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, शासन निर्णयानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर त्या वर्गांना एकही शिक्षक मंजूर होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मात्र सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यात मुलाचे आधार कार्ड जुळले नाही तर वर्गात बसलेले मूलही पटावर धरले जात नाही, आणि आपल्या तांड्यांवर नाव, जन्मतारीख, हाताचे ठसे यांपैकी काही ना काही जुळत नाही ही नेहमीची अडचण आहे. बालाघाटाच्या डोंगरात पुढची शाळा तीन किलोमीटरवर असली तरी मध्ये ओढा असतो. शिक्षक गेला की वर्ग जातो आणि वर्ग गेला की पाचवीनंतर मुलगी आईबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाते. उसाच्या गाळपावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेऊन, तेवढीच भर सरकारने घालून ऊसतोड कामगारांच्या कल्याणाचा निधी उभारायचा असे ठरले आहे. त्यातून बीडच्या, जालन्याच्या किती मुलांची वसतिगृहात सोय झाली, हेही तालुकावार सांगितले गेले पाहिजे.

संविधानाच्या कलम 371(2) मध्ये मराठवाड्याला तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची तरतूद आहे. त्यासाठीचे वैधानिक विकास मंडळ 1994 साली आले आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्याची मुदत संपली. अनुशेषाची, म्हणजे विकासात मागे राहून गेलेल्या वाट्याची, आकडेवारी मांडायला एक घटनात्मक जागा होती, ती तेव्हा गेली. जून 2025 मध्ये मद्यावरचे शुल्क वाढवून वर्षाला सुमारे 14,000 कोटी रुपये जास्तीचे मिळतील असे सरकारनेच सांगितले. म्हणजे पैसा उभा करायचे मनावर घेतले की तो उभा राहतो. म्हणून तांड्यावरच्या शाळेला शिक्षक परवडत नाही, हे कारण मला मान्य नाही.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, म्हणून शेवटचे सांगतो. बाहेर पडताना दारात अर्जाचा नमुना ठेवलेला आहे. माहिती अधिकाराचा हा अर्ज तहसीलदारांच्या आणि आपल्या नगरपरिषदेच्या नावे आहे. गेल्या पाच वर्षांत तालुक्यातून शिक्षण उपकराची वसुली किती झाली आणि ती शासनाकडे कधी जमा केली, एवढेच दोन प्रश्न त्यात आहेत. तिसरा प्रश्न गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारायचा आहे: 15 मार्च 2024 च्या निर्णयामुळे तालुक्यातल्या कोणत्या शाळांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना शून्य शिक्षक मंजूर झाले, त्यांची नावे द्या. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. उत्तरे आली की 2 ऑक्टोबरनंतरच्या पुढच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवावीत आणि शिक्षक देण्याच्या मागणीचा ठराव त्याच सभेत लिहून घ्यावा.