दातात भरतात ते सिमेंट नसतं

माईक येतोय ना मागेपर्यंत? बरं. मगाशी चहा घेताना एक काकू मला म्हणाल्या, मॅडम ते पांढरं सिमेंट भरतात त्याबद्दलच बोला, बाकी ब्रश कसा करायचा ते आम्हाला पाठ आहे. म्हणजे माझं अर्धं भाषण गेलंच, पण काकूंचं बरोबर आहे म्हणून आपण तिथूनच सुरू करू.

पहिली गोष्ट म्हणजे ते सिमेंट नाही. आपल्याकडे दातात काहीही भरलं की ते सिमेंट, आणि काळपट असेल तर चांदी. चांदी म्हणजे अमाल्गम, त्यात साधारण अर्धा पारा आणि उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या दाढेत असेल, तीसतीस वर्षं चाललेलीही असेल. मी स्वतः शिकताना शेकड्याने भरलीय, खलबत्त्यात घोटायची ती, माल म्हणून एक नंबर मजबूत. पण तिची एक अडचण होती, ती दाताला चिकटत नाही. मग टिकायची कशी, तर खड्डा असा करायचा की तोंड अरुंद आणि पोट मोठं, आपल्या गाडग्यासारखा, म्हणजे आत दाबून भरलेला माल वर निघणार नाही. आणि असं गाडगं कोरायचं म्हणजे किडीबरोबर चांगला दातही खरवडायचा. कीड ज्वारीच्या दाण्याएवढी आणि खड्डा हरभऱ्याएवढा, असं व्हायचं.

आता जे पांढरं भरतो ते कॉम्पोझिट. लोक मागतात ते रंगासाठी, विशेषतः लग्न ठरलं की, पण मला विचाराल तर रंग हा त्यातला वरचा फायदा आहे, खरी गंमत अशी की ते चिकटतं. 1955 साली अमेरिकेत बुओनोकोर नावाच्या डेंटिस्टने पाहिलं की कारखान्यात लोखंडाला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात, मग दाताला लावून बघू. गवंडी नाही का, गुळगुळीत कॉलमवर प्लास्टर करायच्या आधी छिन्नीने टोचून खरबरीत करतो, तेच. ॲसिडने दाताच्या वरच्या कवचाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात, त्यात पातळ रेझिन, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा चिकट द्रव, शिरतं, घट्ट होतं, की पकड बसली. मग 1962 मध्ये बोवेन यांचं नव्या रेझिनचं पेटंट आलं, त्यात काचेची बारीक पूड मिसळायची कल्पना होती, आणि आजचा माल अजून त्याच घराण्यातला आहे. वजनात बघितलं तर बहुतेक काचच असते हो ती.

चिकटतं म्हणून गाडगं कोरायला लागत नाही. कीड काढायची आणि थांबायचं.

पण ह्याचं एक दुखणं आहे, ते म्हणजे थुंकी. ओल्या दाताला हे धरत नाही, ओल्या डब्याला सेलोटेप लावून बघा. चांदी थोडी ओल चालवून घ्यायची, हे अजिबात नाही. माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एका मावशींची मागची खालची दाढ होती, जीभ सारखी मध्ये येत होती, बाहेर चार पेशंट बसलेले, मी घाईघाईत कापूस बदलला नाही आणि भरून टाकलं. दिसायला सुंदर. चार महिन्यांनी मावशी रुमालात बांधून तो तुकडा घेऊन आल्या, शेंगदाण्याचा लाडू खाताना निघाला म्हणाल्या, वर मलाच सॉरी म्हणाल्या की मी लाडू खायला नको होता! चूक लाडवाची नव्हती, माझी होती. तेव्हापासून जमेल तिथे मी रबर डॅम लावते, तो एक रबराचा पातळ पडदा असतो, त्यातून तेवढा दात बाहेर काढायचा आणि बाकी तोंड मागे. लोकांना गुदमरेल असं वाटतं, पण नाक मोकळं असतं ना. चांदीपेक्षा ह्याला वेळ आणि पैसे जास्त का, तर अर्धा वेळ आम्ही नुसता दात कोरडा ठेवत असतो.

खुर्चीत काय होतं ते सांगते म्हणजे भीती जाईल. आधी शेड बघतो, म्हणजे तुमच्या दाताचा रंग. हे अगदी सुरुवातीला, शक्यतो खिडकीच्या उजेडात, कारण तोंड उघडं ठेवून दात सुकला की तो पांढराफटक दिसायला लागतो आणि मग शेड चुकते. मग कीड काढायची, लागलं तर इंजेक्शन. मग निळं किंवा हिरवं जेल येतं ते ॲसिड, पंधरा-वीस सेकंद, धुवायचं, फुंकून पाणी उडवायचं. मग बाँड, म्हणजे ते पातळ चिकट रेझिन, ब्रशने चोळायचा. मग मालाचे थर, एकेक दोन मिलिमीटरचा, आणि प्रत्येक थराला तो निळा लाईट, वीस सेकंद वगैरे. सगळं एकदम का भरत नाही? एक तर उजेड खोल पोचत नाही, वरून कडक आणि खाली मऊ राहतं, आणि दुसरं म्हणजे हे घट्ट होताना किंचित आकसतं, मोठा गोळा आकसला की कडेला फट पडते आणि त्या फटीतून परत कीड. तो लाईट गरम अल्ट्राव्हायोलेट वगैरे नाही, निळाच उजेड आहे, पण डोळ्याला बरा नाही, म्हणून आमच्या हातात नारिंगी काच असते. तुम्ही डोळे मिटा.

खायचं कधी, हा प्रश्न ठरलेला. चांदीला आम्ही चोवीस तास त्या बाजूने चावू नका म्हणायचो. हे खुर्चीतून उठायच्या आत पक्कं झालेलं असतं, फक्त ओठ-गाल बधिर असतील तर ते उतरू द्या, नाहीतर स्वतःचाच गाल चावाल आणि शिव्या मला.

हळदीने भराव पिवळा पडतो म्हणतात, ते मात्र खरं आहे. हळद, चहा, मिसरी, तंबाखू, ह्याने कॉम्पोझिट पिवळं पडतं, पॉलिश करून बरंच निघतं. आणि दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करा, भराव नंतर, कारण ब्लीचने दात उजळतो, भराव आहे त्याच रंगाचा राहतो. मग तेवढा एकच तुकडा वेगळा दिसतो.

जुनी चांदी काढून टाकू का, असं ते काका विचारतायत. पाऱ्याच्या बातम्या आल्या आहेत, बरोबर, युरोपियन युनियनने 1 जानेवारी 2025 पासून अमाल्गम जवळपास बंदच केलं, पाऱ्याचा वापर कमी करायचा जो मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याखाली जगभरच ते कमी होतंय. पण तुमची चांदी घट्ट असेल, कडेला कीड नसेल, तर नुसत्या भीतीने काढू नका काका. उलट काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते, शिवाय थोडा चांगला दातही जातो. तुटली, फट पडली, की बघू.

आणि सगळीकडे कॉम्पोझिटच, असंही नाही. हिरडीच्या खाली गेलेली कीड, जिथे रक्त-थुंकी थांबतच नाही, किंवा चार वर्षांचं रडणारं पोर, तिथे मी ग्लास आयोनोमर भरते, ते 1972 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये निघालं. दिसायला जरा खडूसारखं, पण ओल सहन करतं, फ्लोराईड सोडतं. आणि ठणका रात्री झोपू देत नसेल, तर भरावाची वेळ बहुधा गेलेली असते, तिथे रूट कॅनलचं बोलावं लागतं.

एक राहिलं. भरून झालं की आम्ही निळा कागद देतो आणि चावा म्हणतो. तेव्हा जीभ जड असते, कळत नाही, तुम्ही ठीक आहे म्हणता आणि घरी जाऊन जेवताना तीच दाढ आधी लागते, उंच लागतंय म्हणतात ते. एक आजोबा तीन आठवडे दुसऱ्या बाजूने जेवले, कारण डॉक्टरीणबाईंना वाईट वाटेल म्हणे. दाढ दुखायला लागली तेव्हा आले. कागद चावायला दिला, एक निळा ठिपका उमटला, तेवढा घासला, दोन मिनिटं. त्याला अपॉइंटमेंट पण लागत नाही हो, सरळ आत यायचं.