शंकूची उंची नेमकी कोणती? दहावीच्या महत्त्वमापनात इथेच मार्क जातात

नमस्कार मुलांनो! बोर्डाची परीक्षा जवळ आली आणि कमेंटमध्ये पुन्हा तोच प्रश्न सुरू झाला. "ताई, सूत्रं सगळी पाठ आहेत, तरी शंकूचं उत्तर चुकतं." गेल्या व्हिडिओखाली हे इतक्या जणांनी लिहिलंय की आज फक्त शंकू घेऊ.

बाकीच्यांचं घनफळ पटकन. इष्टिकाचिती म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. वृत्तचिती म्हणजे पाय आर स्क्वेअर एच. गोल, चार छेद तीन पाय आर क्यूब. व्यास दिला असेल तर आधी निम्मा करा. हे तुम्हाला येतं, पुढे चला.

आता शंकू. घनफळ, एक छेद तीन पाय आर स्क्वेअर एच. वक्रपृष्ठफळ, पाय आर एल. एच म्हणजे लंब उंची, एल म्हणजे तिरकस उंची. गणितात दिलेलं असतं: त्रिज्या ६ सेमी, तिरकस उंची १० सेमी, घनफळ काढा. आणि मुलं 'उंची' हा शब्द दिसला की १० उचलून सूत्रात टाकतात! ३७६.८ येतं. खरं उत्तर ३०१.४४. आधी पायथागोरस लावायचा होता: १०० वजा ३६, ६४, म्हणून एच ८.

एकाने लिहिलंय, "एल काय, एच काय, असा कितीसा फरक पडतो?" हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण हा प्रश्न विचारणारा मुलगा हुशार आहे. त्याला कुणी शंकू हातात दिलेला नाही, एवढंच. म्हणून हे बघा.

(अर्धवर्तुळाकार पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरते.)

हे अर्धवर्तुळ, त्रिज्या १४ सेमी. दोन्ही कडा जुळवून चिकटवल्या, झाला शंकू. ही तिरकी कड १४, म्हणजे एल १४. तोंडाची त्रिज्या ७. आता टोक खाली करून हा पेल्यात उभा करते. तोंडावर पट्टी आडवी ठेवली आणि ही विणकामाची सुई आत सरळ सोडली, टोकाला टेकेपर्यंत. पट्टीपाशी खूण केली. सुई बाहेर काढून मोजते... १२ आणि अगदी थोडं वर. १४ नाही! पायथागोरसने १२.१२ येतं. घनफळ सुमारे ६२२ घनसेमी. १४ घालून केलं असतं तर ७१९. जवळजवळ एक कपभर तांदूळ जास्त, आणि तो या शंकूत मावणारच नाही. पुठ्ठा घ्या आणि घरी करून बघा, वाचून सोडू नका.

तरी पटलं नसेल तर छत्री घ्या. छत्री खरं तर जरा गोलावते, पण आपण काड्या सरळ धरू. अर्धवट उघडा. आता आणखी उघडा. काड्यांची लांबी बदलली का? नाही. तोच एल. पण टोकापासून तोंडापर्यंतचं सरळ अंतर कमी कमी होत गेलं. समजा काड्या पूर्ण आडव्या झाल्या, छत्री ताटासारखी सपाट झाली. एल तेवढाच आहे आणि आत जागा मात्र शून्य! मग आतली जागा एलवरून कशी मोजणार? एल सांगतो कापड किती लागलं. म्हणून तंबूचं कापड विचारलं की एल, तंबूत हवा किती विचारलं की एच.

आणि आता रास. माझ्या लहानपणी खळ्यावर ज्वारीची रास पडली की आम्ही भावंडं दोरी घेऊन राशीच्या उतारावरून मोजायला धावायचो. बाबा काठी घ्यायचे. शेंड्यातून सरळ खाली, जमिनीला टेकेपर्यंत खुपसायचे, जिथवर दाणे आले तिथे बोट धरायचे आणि काठी बाहेर काढायचे. काठीवर धुळीची रेघ उमटलेली असायची. तो एच, मुलांनो. सूत्र मला नंतर शाळेत कळलं.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत या राशीचं वेगळं प्रकरणच आहे. रीत अशी: राशीचा घेर भागिले ६, त्याचा वर्ग, गुणिले वेध. वेध म्हणजे सरळ उंची, उतार नव्हे. पाय ३ धरला तर घेराचा सहावा भाग म्हणजे त्रिज्याच, आणि एक छेद तीन गुणिले ३ म्हणजे १. आपलंच सूत्र! जाड्या धान्याचा वेध घेराच्या दहाव्या भागाएवढा धरायचा, बारीक धान्याचा अकराव्या, कारण बारीक दाणा जास्त पसरतो. उदाहरणात घेर ६० हात, वेध ६, उत्तर ६००. इथे उतार घातला असता तर तो ११.६६ हात आणि उत्तर ११६६. जवळपास दुप्पट! रास जितकी बसकी, तितकी चूक मोठी. "किती फरक पडतो" विचारणाऱ्या बाळा, एवढा पडतो.

म्हणूनच 'तीस सेकंदांत शंकू' छाप ट्रिका बघून पाठ करू नका. त्यात आकृती नसते, आणि आकृतीशिवाय एल आणि एच वेगळे दिसतच नाहीत. पेपरमध्ये काटकोन त्रिकोण काढा, एल कर्णावर लिहा, मग पेन पुढे न्या.

बादली, म्हणजे शंकूछेद, तिथेही हेच. फक्त पायथागोरसमध्ये दोन त्रिज्यांची वजाबाकी घ्यायची, बेरीज नाही. एक गणित देते: त्रिज्या १४ आणि ८ सेमी, तिरकस उंची १० सेमी, पाय ३.१४. घनफळ किती? आधी एच लिहा, मग उत्तर. नुसतं उत्तर लिहिलेली कमेंट मी तपासणार नाही.